चारसोबीस गेला, भामटा राहिला

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता रद्द झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. १८६० च्या जुन्या संहितेत ५११ कलमं होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. त्यामुळे ४२० या क्रमांकाला आता जागाच नाही. फसवणुकीचं कलम ३१८ झालं आहे. तरी सोलापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर ‘त्याच्या नादी लागू नको बे, चारसोबीस माणूस आहे’ हे वाक्य पूर्वीसारखंच ऐकू येतं. ‘तीनशेअठरा’ असं कुणी कुणाला म्हणत नाही.

शहरातल्या कोणत्याही दैनिकाचं आतलं पान उघडा. अपहार, अफरातफर, फसवणूक, न्यासभंग, हयगय, सराईत, तडीपार, भामटा. हे शब्द रोज डोळ्यांखालून जातात आणि ओळखीचे वाटतात म्हणून त्यांचा अर्थ कुणी विचारत नाही. घरातही तसंच. चूक, दोष, गुन्हा, पाप हे शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. पण यातल्या प्रत्येक शब्दाच्या मागून काहीतरी येतं: कुठे माफी, कुठे भरपाई, कुठे पोलीस, कुठे आयुष्यभर न पुसला जाणारा शिक्का. म्हणून हे शब्द नीट सोडवून पाहायला हवेत. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की काही शब्द कृत्याला नाव देतात आणि काही शब्द माणसाला. पहिल्या प्रकारात आपण फार ढिले आहोत आणि दुसऱ्या प्रकारात फार सढळ.

## चूक, हयगय, गुन्हा, पाप

एसटी स्टँडवर आपण पाटी वाचून गाडीत चढतो. अक्कलकोटच्या गाडीत बसून पंढरपूरला उतरता येत नाही. वाईट कृत्याला आपण जो शब्द लावतो, तो असाच पाटीचं काम करतो. पुढे कुठे पोचायचं ते तिथेच ठरतं.

चूक म्हणजे हेतू चांगला किंवा निदान निरुपद्रवी असताना हातून बिघडलेली गोष्ट. जुन्या मराठी पावत्यांच्या आणि हिशेबांच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी-घ्यावी’ असं लिहिलेलं असे. त्यात दोन शब्द आहेत हे लक्षात घेण्यासारखं आहे. चूक म्हणजे केलं ते चुकीचं केलं, भूल म्हणजे करायचं ते राहून गेलं. दोन्हींचा उपाय एकच: दाखवून द्या, दुरुस्त करू. चूक या शब्दात सामनेवाल्याच्या हेतूवर शंका नसते.

म्हणूनच जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला ‘चूक झाली’ म्हणणं मला खटकतं. बनावट बिल लावणारा पकडला गेल्यावर ‘चूक झाली’ म्हणतो. कानाला मोबाइल लावून गाडी चालवणारा रस्त्यावरच्या माणसाला उडवतो आणि ‘चूक झाली’ म्हणतो. पहिल्या ठिकाणी हेतू होता. दुसऱ्या ठिकाणी हेतू नव्हता, पण घ्यायची ती काळजीही नव्हती. या दुसऱ्या प्रकारासाठी आपल्याकडे चांगला शब्द आहे, हयगय. पोलिसांच्या फिर्यादीत तो अजून टिकून आहे: ‘हयगयीने व अविचाराने वाहन चालवून’. हयगयीने एखाद्याचा जीव गेला तर न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या कायद्यात ही मर्यादा दोन वर्षांची होती.

कायद्यात ‘सद्भावाने’ या शब्दाची व्याख्या आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी वाचावी अशी आहे. जी गोष्ट योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केली, ती सद्भावाने केली असं म्हणता येत नाही. म्हणजे ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ एवढं पुरत नाही. मन लावून काळजी घेतली होती का, हा प्रश्न उरतोच.

गुन्हा हा शब्द फारसीतून आला. आज त्याचा नेमका अर्थ एकच: ज्या कृत्याला लिहिलेल्या कायद्यात शिक्षा सांगितली आहे ते. कायद्यात नसेल तर कृत्य कितीही वाईट वाटलं तरी तो गुन्हा नाही. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. तो आजही घटस्फोटाचं कारण ठरू शकतो, पण तेव्हापासून गुन्हा ठरत नाही. यावर अनेकांनी ‘म्हणजे आता ते बरोबर झालं का?’ असं विचारलं. नाही. जोडीदाराशी केलेली प्रतारणा ही प्रतारणाच राहिली. तिच्यासाठी तुरुंगात टाकायचं नाही, एवढंच न्यायालयाने ठरवलं.

पाप हा वेगळ्याच वाटेचा शब्द. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरीच्या वारकऱ्यांना तुकोबांनी त्याची सगळ्यात सुटसुटीत व्याख्या देऊन ठेवली आहे: ‘पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा’. दुसऱ्याला पीडा झाली की पाप. पुस्तकात आहे की नाही, कुणी पाहिलं की नाही, याचा संबंधच नाही. सोलापुरात मात्र हा शब्द ऐकताना जरा जपावं लागतं. साखर पेठेत तेलुगू बोलणाऱ्या घरात एखादी आजी तुमची हकिकत ऐकून ‘पापं!’ म्हणाली, तर ती तुम्हाला पापी म्हणत नाही, ‘बिचारा गं’ म्हणते आहे. कन्नड बोलणाऱ्या घरातही ‘पाप’ असाच कळवळ्याने येतो.

## कायद्याचा गुन्हेगार, गावाचा हुतात्मा

गुन्हा आणि पाप एकच असतात असं ज्याला वाटतं त्याला सोलापूरने इतिहासातूनच उत्तर दिलं आहे. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. ब्रिटिशांच्या न्यायालयाच्या कागदावर ते चौघे गुन्हेगार आहेत. शहरात त्यांचे पुतळे आहेत आणि त्यांना हुतात्मा हा शब्द आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर याहून बारीक आहे. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा बिदरच्या बादशहाची धान्यकोठारं त्यांनी लोकांसाठी खुली केली, अशी परंपरा सांगते. आजच्या कायद्याने पाहिलं तर हा सरकारी नोकराने केलेला न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अप्रामाणिक वापर आहे. ‘मी स्वतः एक दाणा घेतला नाही’ हा बचावही तिथे चालत नाही, कारण कायद्यातल्या अप्रामाणिकपणाची व्याख्या अशी की कुणालाही गैरवाजवी लाभ किंवा कुणालाही गैरवाजवी हानी व्हावी असा हेतू असला की पुरे. लाभ स्वतःलाच व्हायला हवा असं नाही. आणि तरी सातशे-आठशे गावांत फिरलात तरी दामाजीपंतांना चोर म्हणणारा मराठी माणूस सापडणार नाही. विठ्ठल स्वतः महाराच्या रूपाने जाऊन रक्कम भरून आला, असं सांगून लोकांनी त्यांचा हिशेबही चुकता करून टाकला. मला या कथेतला हा हिशेबाचा भाग फार मोलाचा वाटतो. हेतू पुण्याचा होता म्हणून कोठार रिकामं झालं ही गोष्ट लोकांनी विसरून टाकली नाही. भरपाई व्हायला हवी, हे त्यांना ठाऊक होतं.

याच्या उलट बाजूला मनातले विकार येतात. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर यांतल्या एकालाही कायदा शिक्षा करत नाही. कृत्य घडल्यावरच तो जागा होतो. आपल्याकडच्या लिंगायत घरांत बसवण्णांचं ‘कळबेड, कोलबेड’ हे वचन मुलांना शिकवतात. त्यात सात गोष्टी करू नको म्हटलं आहे: चोरी, हिंसा, खोटं बोलणं, राग, दुसऱ्याची घृणा, स्वतःची बढाई, समोरच्याची निंदा. पहिल्या दोन गोष्टींना दंडाचा कायदा आहे. खोटं बोलण्याला आणि निंदेला काही ठिकाणी आहे. राग, घृणा आणि बढाई यांच्यासाठी कुठलंच पोलीस ठाणं नाही. त्या तिन्हींसाठी घरातल्या माणसांनी वेळेवर बोलणं एवढाच उपाय.

## भिशीचे पैसे गेले, तर ते नेमकं काय?

आता पेपरातल्या सगळ्यात गोंधळाच्या शब्दांकडे येऊ. एक उदाहरण धरू, म्हणजे सोपं जाईल. समजा, विडी घरकुल वसाहतीत एका काकूंकडे वीस जणींची भिशी आहे. दरमहा प्रत्येकी दोन हजार, म्हणजे महिन्याला चाळीस हजार. एके दिवशी पैसे मिळायचे थांबतात. सगळ्या जणी म्हणतात, ‘काकूंनी फसवलं.’ खरंच फसवलं का? घडलं काय, त्यावर ते अवलंबून आहे.

काकूंनी सुरुवातीपासूनच पैसे घेऊन पळायचं ठरवलं होतं, खोटं नाव-गाव सांगून भिशी उभी केली होती, तर ती फसवणूक. फसवणुकीत कपट आधी असतं आणि पैसे नंतर हातात येतात. समोरच्याला खोटं सांगून, भुलवून त्याच्याच हाताने ते काढून घेतलेले असतात.

काकूंनी दहा महिने भिशी चोख चालवली, अकराव्या महिन्यात जमलेले चाळीस हजार मुलाच्या लग्नात घातले आणि हात वर केले, तर तो न्यासभंग. न्यास म्हणजे विश्वासाने सोपवलेली चीज. इथे पैसे हातात आले तेव्हा कपट नव्हतं, ते नंतर आलं. बोलीत आपण याला विश्वासघात म्हणतो, आणि तो शब्द अगदी योग्य आहे. फसवणूक (कलम ३१८, पोटकलम ४) आणि न्यासभंग (कलम ३१६) ही एकाच कृत्याची दोन नावं नव्हेत. तेच पैसे, तेच माणूस, तेच कृत्य एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही, कारण कपट सुरुवातीला असेल किंवा नंतर. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे पुन्हा बजावलं आणि पोलीस सरसकट दोन्ही कलमं एकदम लावतात याबद्दल नाराजी व्यक्त केली.

तिसरी शक्यता. काकूंचा काही दोष नाही. एका बाईंना दुसऱ्याच महिन्यात भिशी लागली, चाळीस हजार मिळाले, मग नवऱ्याचा यंत्रमाग बंद पडला आणि त्यांचे हप्ते थकले. त्या बाईंना ‘भिशी बुडवी’ म्हणून सगळा वाडा बोलतो. पण पैसे घेताना बुडवायचा हेतू नसेल, तर देणं न फिटणं हा गुन्हा नाही, ती थकबाकी आहे. वसुली करता येते, दिवाणी दावा लावता येतो, हप्ते पाडून घेता येतात. ठाण्यात नेऊन बसवणं हा तिचा उपाय नव्हे. (भिशी नोंदवलेली नसेल तर १९८२ च्या चिट फंड कायद्याचा निराळाच प्रश्न उभा राहतो, हे भिशी चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.)

चौथी शक्यता सगळ्यात साधी: काकूंनी मोजताना दोन पाकिटं एकाच नावावर धरली. ती चूक.

आणि अपहार? भिशीचे पैसे फोनवरून पाठवताना एखादीने एक आकडा चुकवला आणि रक्कम अनोळखी माणसाच्या खात्यात गेली. त्याने मागितले नव्हते, खोटं सांगितलं नव्हतं, सोपवलेलेही नव्हते. पण पैसे आपले नाहीत हे कळूनही त्याने ते खर्च केले, तर तो अपहार, कलम ३१४. सोसायट्या आणि पतसंस्थांच्या बातम्यांत येणारा ‘अफरातफर’ हा शब्द कायद्याचा नाही. पैसा इकडचा तिकडे केला, एवढंच तो सांगतो. तो वाचल्यावर आपण विचारायला हवं: सोपवलेला पैसा वापरला, की कागद खोटे करून काढून घेतला?

## चहापाणी, चिरीमिरी, वजन

कृत्याच्या शब्दांत आपण ढिले आहोत असं वर म्हटलं, त्याचा सगळ्यात ठळक पुरावा लाचेच्या बाबतीत आहे. मराठीत लाच, कन्नडात लंच, तेलुगूत लंचम. सोलापूरच्या तिन्ही भाषांत शब्द जवळजवळ एकच आहे, पण देताना-घेताना तो कुणीच उच्चारत नाही. तिथे ‘चहापाणी’ असतं, ‘चिरीमिरी’ असते, कागदावर ‘वजन’ ठेवायचं असतं, नाहीतर ‘हात ओले’ करायचे असतात. हे शब्द आपण घेणाऱ्याला वाचवायला वापरतो असं वाटतं. खरं तर ते देणाऱ्याच्या मनाला सोपं करायला असतात. ‘साहेबांना लाच दिली’ म्हणताना जीभ अडते, ‘चहापाण्याचं बघितलं’ म्हणताना अडत नाही.

२०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणंही स्पष्टपणे गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं की देणाऱ्याला संरक्षण मिळतं. राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. त्या सात दिवसांत ‘चहापाणी’ हा शब्द मनात धरून बसलेला माणूस तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी तक्रार करण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

## माणसाला चिकटणारे शब्द

आता दुसरा प्रकार. ‘तो खोटं बोलला’ आणि ‘तो खोटारडा आहे’ या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे पाहा. पहिल्यात एका वेळची गोष्ट आहे, तिच्यावर बोलता येतं, माफी मागता येते. दुसऱ्यात कालचं, आजचं आणि उद्याचंही सगळं आलं. मराठीत असे शब्द घडवायला प्रत्ययांची रेलचेल आहे. ‘खोर’ म्हणजे फारसीत खाणारा. त्यावरून लाचखोर, चहाडखोर, भांडखोर, व्याजखोर. शिवाय हावरट, माजोरडा, कामचुकार, ऐतखाऊ. हे सगळे शब्द कृत्य उचलून माणसाच्या अंगावर कायमचे शिवून टाकतात.

मोठ्यांच्या बाबतीत हे एक वेळ चालेल, लहान मुलांच्या बाबतीत मला ते सोसत नाही. वर्गातल्या मैत्रिणीचं खोडरबर आणलं म्हणून सहा वर्षांच्या पोरीला ‘चोरटी कुठली’ म्हणतात. देशाचा फौजदारी कायदासुद्धा सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा मानत नाही. ‘ते तिचं आहे, उद्या परत देऊन ये’ यात सगळं येतं.

पेपरात माणसाला लागणाऱ्या शब्दांची एक ठरलेली चढण आहे. पोलिसांना शंका आली की संशयित. गुन्हा नोंदवून नाव आलं की आरोपी. न्यायालयाने पुरावा तपासून सांगितलं की दोषी. गुन्हेगार हा शब्द या शेवटच्या पायरीनंतरच वापरायचा, त्याआधी नाही. ‘गुन्हा दाखल झाला’ या वाक्याचा अर्थ इतकाच की तक्रार वहीत उतरली.

‘तडीपार’ वाचलं की लोकांना वाटतं शिक्षा झाली. तडीपारी ही महाराष्ट्र पोलीस कायद्याखालची प्रशासकीय कारवाई आहे, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढण्याची, आणि ती अनेकदा न्यायालयात काही सिद्ध होण्याआधीच होते. ‘सराईत’ म्हणजे सवय पडलेला. हा शब्द बातमीत वाचला की मी थांबतो. या माणसावर आधी काय सिद्ध झालं होतं, हे त्या बातमीत लिहिलेलं आहे का ते बघतो. बहुतेक वेळा फक्त ‘इतके गुन्हे दाखल’ एवढंच असतं.

## सेटलमेंटच्या शहरात ‘भामटा’

हे सगळं लिहायचं खरं कारण इथे आहे.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात एका माणसाने काय केलं हे पाहायचं नव्हतं. जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, मग त्या जमातीत जन्मलेलं मूलही गुन्हेगार. त्यांची नोंद, हजेरी, परवानगीशिवाय गाव न सोडण्याची बंदी. अशा कुटुंबांना डांबून ठेवण्यासाठी वसाहती उभारल्या, त्यातली एक सोलापुरात होती. तारेचं कुंपण, हजेरीची सक्ती आणि गिरण्यांत कामाला जाणारे हात. त्या भागाला सोलापूरकर आजही सेटलमेंटच म्हणतात. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत. कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, छप्परबंद, पारधी समाजाचे पोटभेद, आणि भामटा, राजपूत भामटा. आता गेल्या आठवड्याची कोणतीही बातमी आठवा. ‘भामट्याने वृद्धेला गंडा घातला.’ ‘तोतया पोलीस भामट्यांचा धुमाकूळ.’ त्या बातमीतल्या माणसाची जात कुणालाच माहीत नसते, तरी एका समाजाचं नाव लबाडीचा समानार्थी शब्द म्हणून रोज छापलं जातं. या शहरात त्या समाजाची मुलं शाळेत जातात, जातीच्या दाखल्यावर तोच शब्द असतो आणि मराठीच्या शब्दार्थांत भामटा म्हणजे ठग. बाकीची नावंही अशीच वापरात आहेत. मोठ्याने भांडणाऱ्याला ‘काय कैकाड्यासारखं’ म्हणणारे आजही सभ्य घरांत भेटतात.

कायद्याचं कुंपण १९५२ ला पडलं, पण कागदोपत्री त्याचे खांब उरलेच होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमधली जातीवर आधारलेली वागणूक घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींच्या लोकांना सवयीचे गुन्हेगार धरणारी भाषा त्या नियमांत २०२४ पर्यंत शिल्लक होती. न्यायालयाने नियमावल्या बदलायला सांगितलं. पेपरातल्या आणि आपल्या तोंडच्या शब्दाला मात्र न्यायालयाचा आदेश लागत नाही. ठग, लुच्चा, लबाड, तोतया, फसवणारा. इतके शब्द हाताशी असताना एका समाजाचं नाव कशाला हवं?

## ‘पण मग चोराला चोर म्हणायचंच नाही?’

म्हणायचं. ज्याने चोरी केली असं सिद्ध झालं, त्याने चोरी केली असं ठणकावून सांगायचं. मी नावं मऊ करा असं म्हणत नाही, नेमकी करा असं म्हणतो. चाळीस हजारांचा न्यासभंग हा न्यासभंग म्हटल्याने लहान होत नाही, उलट ‘जरा गडबड झाली’ म्हटल्याने लहान होतो.

नवा कायदाही कृत्याच्या मापाने शिक्षा तोलतो. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलीच वेळ, आणि माल किंवा किंमत परत दिली, तर कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. तीच वस्तू मारहाण करून हिसकावली तर जबरी चोरी, आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली तर दरोडा. ‘चोर’ या एका शब्दात हे सगळं गुंडाळून टाकणारा माणूस कायद्यापेक्षाही कठोर असतो.

दुसरा आक्षेप असा येतो की शब्दांत काय एवढं, लोकांच्या ते ध्यानातही नसतं. मग शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मोठ्या कारखानदाराचं कर्ज थकलं की तो ‘थकबाकीदार’, शेतकऱ्याचं थकलं की ‘कर्जबुडव्या’. बंगल्यातला मुलगा ‘खोडकर’, झोपडीतला ‘उडाणटप्पू’. पुरुष ‘रंगेल’, बाई ‘चवचाल’. साहेब ‘थोडी घेतात’, हमाल ‘दारुडा’. कृत्य तेच. या शेवटच्या जोडीत तर दोघांनाही दोषाचा शब्द लावणं चुकीचं आहे, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोविकारांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलं आहे. साहेबांना जसा डॉक्टर मिळतो तसा हमालालाही मिळायला हवा.

## ठाण्यात तक्रार लिहिताना

शेवटी कामाची गोष्ट. फसवले गेलेले लोक तक्रारीत आधी शिव्या लिहितात: ‘सदर इसम हा भामटा, चारसोबीस व विश्वासघातकी असून…’ याचा तपासाला काडीचा उपयोग नाही. माणूस कसा आहे हे लिहू नका, काय घडलं ते लिहा. कोणत्या तारखेला काय सांगितलं, ते ऐकून तुम्ही किती पैसे कसे दिले, रोख की खात्यावर, सांगितलेलं खोटं आहे हे कधी आणि कशावरून कळलं. खोटं आधी आणि पैसे नंतर असा क्रम दिसला तर फसवणूक. पैसे आधी विश्वासाने दिले आणि नंतर ते दुसरीकडे वापरले असा क्रम दिसला तर न्यासभंग. कलम पोलिसांनी लावायचं आहे, पण त्यांना ते तुमच्या तारखांवरूनच लावता येतं.

या फरकाचा पुढेही परिणाम होतो. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने गुन्हा चालवण्यासारखा आहे का, याची आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. साध्या न्यासभंगाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून तो या नियमात बसतो. फसवून मालमत्ता काढून घेण्याला सात वर्षांपर्यंत आहे, म्हणून तो बसत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ठाण्याआधी १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. ई-मेलने किंवा पोर्टलवरून तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्याद लिहून झाली की ती तिथेच उभं राहून वाचा. न सांगितलेली एखादी गोष्ट किंवा न उच्चारलेली एखादी शिवी त्यात उतरली असेल, तर सही करण्याआधी ती काढायला लावा. नोंदवलेल्या फिर्यादीची प्रत मोफत मिळते; ती मागून घ्या.